उघडण्याचा अधिकार

बिघडलेली वस्तू दिसली की ती दुरुस्त करावीशी वाटणे हा माणसाचा चांगला गुण मानला जातो. मीही आजवर तो माझा गुणच समजत आलो. नळाची गळती, इस्त्रीची वायर, कपाटाची बिजागरी, दाराची कडी अशी घरातली कामे मी कोणाची वाट न पाहता करतो आणि ती झाल्यावर मनातून थोडा सुखावतोही. गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये मात्र या गुणाची दुसरी बाजू मला पाहावी लागली. निमित्त झाले आईच्या मनगटी घड्याळाचे. घटना घरगुती आणि लहानशी आहे. परंतु तिच्यातून जो प्रश्न उभा राहिला तो केवळ माझ्यापुरता नाही, असे वाटल्यावरून ती येथे मांडतो. जे पुन्हा नीट बंद करता येईल की नाही हे आपल्याला ठाऊक नाही, ते उघडण्याचा अधिकार आपल्याला असतो का? आणि हेतू चांगला असला म्हणजे तो अधिकार आपोआप मिळतो का?

घड्याळ मुळात वडिलांचे. एच. एम. टी.चे ‘जनता’, रोज चावी द्यावी लागणारे, १९७२ साली घेतलेले. हिंदुस्तान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. त्यानंतरच्या दोन-अडीच दशकांत कोणी नोकरीला लागले, कोणाचे लग्न ठरले, कोणी मॅट्रिक झाले की घरात हे घड्याळ येई. वडिलांच्या हातावर ते सदतीस वर्षे होते. २००९ साली ते गेले आणि आईने पट्ट्याला एक जास्तीचे भोक पाडून ते आपल्या मनगटावर बांधले. रोज सकाळी चहाच्या आधी ती त्याला चावी देई आणि दुपारी बाराला चर्चची घंटा झाली की काटे जुळवून घेई.

काटे जुळवावे लागत, कारण घड्याळ दिवसाला दहा मिनिटे मागे पडत होते. आईला त्याची मुळीच अडचण नव्हती. तिने हिशेब बसवला होता. संध्याकाळी सहाला दोन-तीन मिनिटे मिळवायची, सकाळी मिस्साला निघताना आठ मिनिटे मिळवायची. “घड्याळ उशीर करतं, आपण नाही करायचा,” असे ती म्हणे. अडचण मला होती. घरात एक वस्तू चुकते आहे आणि तिच्याभोवती माणसाने आपले गणित बदलले आहे, हे माझ्या शिस्तप्रिय मनाला खटकत होते.

खटकण्याआधी मी एक साधा विचार करायला हवा होता. दिवसाची मिनिटे १,४४०. त्यांतली दहा चुकतात, म्हणजे बाकीची १,४३० ते यंत्र बरोबर मोजते. या घड्याळातले बॅलन्स नावाचे चाक सेकंदाला पाच ठोके देते. तासाला १८,०००, दिवसाला ४,३२,०००. कृत्रिम माणकांच्या सतरा खड्यांवर त्याचे भाग फिरतात. फूटभर लांबीची एक पोलादी पट्टी डबीत गुंडाळून ठेवलेली असते. आपण चावी देतो तेव्हा ती आवळली जाते आणि दीड दिवस हळूहळू उलगडत राहते. ती एकदम उलगडू नये म्हणून चाकांच्या मालिकेच्या शेवटी पॅलेट नावाचा दोन नखांचा एक इवलासा तुकडा बसवलेला असतो. तो एका वेळी चाकाचा एकच दात सोडतो आणि लगेच पुढचा अडवतो. आपण ज्याला टिकटिक म्हणतो तो या अडवण्याचाच आवाज. पन्नास वर्षे एवढे काम केल्यावर तेल घट्ट होते, चाके जड होतात आणि घड्याळ मागे पडू लागते. माझ्या तर्काप्रमाणे आईच्या घड्याळाचा आजार एवढाच होता. तर्क बरोबर असेलही. पण रोग ओळखता येणे आणि शस्त्र हाती घेण्यास पात्र असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आईचा ऐंशीवा वाढदिवस जवळ आला होता. त्या सुमारास धर्मग्रामातल्या स्त्रिया गाडी करून बांद्र्याच्या जत्रेला निघाल्या, त्यांच्यात आईही गेली. गर्दीत पट्टा निसटेल या भीतीने तिने घड्याळ घरीच, वेदीच्या फळीवर ठेवले. मी निवृत्त माणूस, घरी एकटाच. छोटे पेचकस, चिमटा, डोळ्याला लावायचे भिंग मी आधीच आणून ठेवले होते. मोबाईलवर चार-पाच चित्रफिती पाहून झाल्या होत्या. त्यांतले कारागीर इतक्या सहजपणे एकेक भाग उचलत की, ती सहजता आपल्यालाही पाहून-पाहून आली आहे असे मला वाटू लागले होते.

त्या सकाळी मी स्वतःला परवानगी कशी दिली, हे मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिले आहे. घड्याळ जुने आहे. आजच्या बाजारात त्याची किंमत ती काय. तसेही ते बरोबर चालत नाही. बाहेर दिले तर आतले चांगले भाग काढून घेतील. आणि आईला केवढा आनंद होईल! पाचही कारणे मला पटली. आता पाहतो तर त्यांत एकही कारण आईला विचारून मिळवलेले नव्हते. शेजाऱ्याची साधी छत्री घ्यायची तरी आपण विचारतो. घरच्या माणसाची वस्तू मात्र आपण दुसऱ्याची समजतच नाही. ‘आईचे ते माझेच’ या वाक्यात प्रेम आहे, हे खरे. पण त्याच वाक्याच्या आडून आपण घरातल्या माणसांवर किती सत्ता गाजवतो, हे सहसा कोणी तपासत नाही.

टेबलावर पांढरी चादर पसरून मी मागचे झाकण काढले. बॅलन्सवरचा पूल सोडवून चिमट्याने उचलला. चाक त्याच्याबरोबर हेअरस्प्रिंगला लोंबकळत वर आले. केसाइतकी बारीक ती तार. चाक पडेल या भीतीने मी ते दुसऱ्या हाताने धरू गेलो आणि तारेची वेटोळी एकमेकांत अडकली. तेथे थांबलो असतो तरी नुकसान अर्धेच झाले असते. पण चूक झाली की पुढच्या कामाने ती झाकावी, अशी एक ओढ मनाला लागते. मी पॅलेटवरच्या पुलाचा स्क्रू सैल केला. दोन नखांचा तो पहारेकरी बाजूला होताच सारी चाके एकदम ‘किर्रर्र’ आवाज करीत भिरभिरली आणि काही क्षणांतच शांत झाली.

ते काय झाले हे मला नंतर समजले. घड्याळ उघडण्यापूर्वी आतल्या मोठ्या स्प्रिंगचा ताण मोकळा करायचा असतो. चावी बोटांत घट्ट धरून, चाकाला अडवणारी खिटी हलकेच बाजूला सारून, तो ताण सावकाश उतरवायचा. कोणत्याही शिकाऊ मुलाला पहिल्याच दिवशी सांगितली जाणारी ही गोष्ट. मी पाहिलेल्या चित्रफितीतही ती होती. पण तिथे काही उलगडताना दिसत नव्हते, म्हणून माझे लक्ष गेले नव्हते. आईने निघण्यापूर्वी सकाळीच चावी दिली होती. दीड दिवस पुरावी म्हणून तिने दिलेली ती चावी माझ्या हातात दोन-तीन सेकंदांत संपली आणि जाता जाता एका चाकाच्या आसाचे टोक तोडून गेली. घाईघाईने भाग परत बसवताना एक स्क्रू चिमट्यातून उडाला. बॅटरी घेऊन, गुडघ्यांवर बसून तासभर शोधला. मिळाला नाही.

संध्याकाळी आई परतली. हात-पाय धुऊन तिने फळीकडे पाहिले.

“घड्याळ कुठे रे?”

“दुरुस्तीला दिलंय. तेल घालायला.”

“कोणाकडे?”

“आहे एक स्टेशनजवळ.”

तिने आणखी काही विचारले नाही. पुढचे कित्येक दिवस ती वेळ बघायला मनगट वर करी आणि पट्ट्याखालची ती फिकट पट्टी पाहून हात खाली घेई.

माझे बोलणे निदान निम्मे तरी खरे व्हावे, म्हणून आठवड्याने मी खरोखरच स्टेशनजवळच्या एका जुन्या घड्याळजींकडे गेलो. जिन्याखालची जागा, काचेची पेटी, सत्तरी उलटलेला माणूस. त्यांनी भिंग लावून आत पाहिले आणि विचारले, “कोणी उघडलं होतं?”

“एका दुकानदाराने,” मी म्हणालो.

घरी बोललो त्यापेक्षा हे खोटे मला अधिक सहज बोलता आले. त्यांनी काही न बोलता मागचे झाकण माझ्यासमोर धरले. त्याच्या आतल्या बाजूला सुईने कोरल्यासारख्या तीन बारीक खुणा होत्या. अक्षरे आणि आकडे. “ज्यानं-ज्यानं काम केलं, त्यानं आपली खूण आणि साल टाकलंय. आमच्यात तशी रीत आहे. हे बघा, एक्याऐंशी. हे ब्याण्णव. चौथा माणूस खूण न टाकताच गेला.” मग त्यांनी पेचकस घसरून पुलावर उठलेले ताजे ओरखडे दाखवले. “म्हणजे टाकली आहे, पण नकळत. साहेब, ज्याच्या पोटाला हे काम आहे, तो स्प्रिंग न सोडता पॅलेटला हात लावणार नाही.”

मला कबूल करावे लागले. म्हणालो, “मीच उघडलं.”

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. “मग हरकत नाही. कारागिरानं असं केलं असतं, तर मला वाईट वाटलं असतं.”

घरी परतताना हे वाक्य माझ्याबरोबर होते. एक घड्याळ बिघडवले याचे वाईट मला आठ दिवस वाटत होते. पण ज्याचे नाव-गाव नाही अशा एका दुकानदारावर मी माझी चूक ढकलली, याचे मला काहीच वाटले नव्हते. वस्तूचे नुकसान भरून देता येते. माझ्या बाबतीत ते नऊशे रुपयांत भरून निघाले. दुसऱ्याचे नाव घालवले तर तेही भरून द्यावे लागते, असे आपली नीतिशिकवण सांगते. पण ज्याला नावच नाही त्याचे कोठे आणि कसे भरून द्यायचे? ‘बाहेर दिले तर भाग काढून घेतील’ हा संशय मी आधीपासूनच बाळगून होतो. खोटे बोलण्याच्या क्षणी तो तयार मालासारखा हाताशी आला.

चांगल्या हेतूविषयी आपण फार उदार असतो. ‘त्याचा उद्देश वाईट नव्हता’ एवढे म्हटले की बहुतेक प्रकरणे मिटतात. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात अज्ञानाची जी फोड केली आहे, ती या बाबतीत अधिक कठोर आणि अधिक न्याय्य आहे. जे जाणून घेणे माणसाच्या आवाक्यातच नव्हते, त्याविषयीचे अज्ञान त्याला दोषातून सोडवते. परंतु जे जाणून घेता आले असते आणि जाणून घेणे कर्तव्य होते, ते न जाणणे हाच दोष ठरतो. माझे अज्ञान दुसऱ्या प्रकारचे होते. शिवाय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये एच. एम. टी.ची घड्याळ-कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला, हे मी वाचलेले होते. आता या घड्याळाचा एखादा भाग तुटला, तर तो दुसऱ्या एखाद्या मृत घड्याळातूनच काढून आणावा लागेल, हे मला ठाऊक होते. तरीही मी हात घातला.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. मोडल्याशिवाय कोणी शिकतो का? ज्याने कधी काही बिघडवले नाही, त्याने कधी काही केलेच नाही. घड्याळांच्याच इतिहासात पाहा. समुद्रावर रेखांश ठरवता यावा म्हणून अचूक घड्याळ बनवणारा इंग्लंडचा जॉन हॅरिसन हा मूळचा सुतार. घड्याळाची विद्या तो आपली आपणच शिकला. १७५९ साली त्याने पुरे केलेले घड्याळ १७६१ साली जमैकाच्या सफरीवर गेले आणि ८१ दिवसांत त्याची चूक निघाली अवघी पाच सेकंदांची. तेथवर पोहोचायला त्याला तीस वर्षे आणि आधीची तीन मोठी यंत्रे खर्ची घालावी लागली. पण ती त्याने स्वतः घडवलेली होती. आयुष्याची वर्षे गेली ती त्याची. आपल्या आईच्या घड्याळावर त्याने प्रयोग केल्याचे कोणी सांगत नाही.

तेव्हा प्रश्न शिकावे की न शिकावे हा नाही. शिकणाऱ्याच्या चुकांची किंमत कोणी द्यायची, हा आहे. जुन्या कारागिरांनी त्याचे उत्तर आपल्या रिवाजात बसवले होते. ते घड्याळजी सांगत होते, त्यांच्या उस्तादाने पहिले वर्षभर त्यांना टाकून दिलेली गजराची घड्याळेच उघडायला दिली; मनगटी घड्याळ हातात आले ते त्यानंतर, आणि तेव्हाही उस्ताद शेजारी बसलेला असे. नुकसान झालेच तर ते अशा वस्तूचे व्हावे की जिच्यावाचून कोणाचे अडत नाही. आणि हात चुकला तर सावरायला दुसरा हात जवळ असावा. मला शिकायचेच होते, तर जुन्या बाजारातून एक बंद पडलेले घड्याळ आणता आले असते. मग मला ते का सुचले नाही? कारण मला शिकायचे नव्हते. मला दुरुस्त करणारा व्हायचे होते. आईच्या आनंदात माझ्या कौतुकाचा वाटा मी आधीच धरून ठेवला होता.

हे लिहिताना मला दुसरीही एक गोष्ट आठवते. नात्यातल्या दोन भावांत वाडीतल्या विहिरीच्या पाण्यावरून अबोला होता. त्यांचे जुळवून द्यावे म्हणून काही वर्षांपूर्वी मी एका बाप्तिस्म्याच्या जेवणात दोघांना एका टेबलावर बसवले आणि चार माणसांत विषय काढला. अर्ध्या तासात बापजाद्यांपासूनचे सारे बाहेर पडले. आधी निदान रस्त्यात भेटल्यावर मान हलत होती. त्यानंतर तीही बंद झाली. तेव्हा मी दोष त्या दोघांच्या हट्टाला दिला होता. आता वाटते, तेथेही मी तेच केले. वर्षानुवर्षे आवळलेली स्प्रिंग आत होती. ती सावकाश, एकेकाला एकांतात भेटून उतरवायला हवी होती. मी सरळ पहारेकरीच बाजूला केला.

म्हणून कोणी कशालाच हात लावू नये, असे मी म्हणत नाही. शेजारचे घर जळत असता ‘आपल्याला अधिकार काय’ म्हणून बसून राहणाराही अपराधीच. पण जे आपले नाही ते उघडण्यापूर्वी त्याच्या धन्याला विचारावे. ज्याला आपण बिघाड म्हणतो तो त्यालाही बिघाड वाटतो का, हे पाहावे. आणि आत किती ताण साठला आहे याचा अंदाज घ्यावा. एवढे करूनही हात चुकेल. तो कधी चुकणार नाही याची हमी मिळाल्यावरच काम करायचे म्हटले, तर कोणालाच काही करता येणार नाही. अशा वेळी माणसाच्या हाती एकच गोष्ट उरते : झाकणाच्या आत आपली खूण टाकणे. ‘हे मी केले’ असे म्हणायची तयारी ज्याच्यापाशी नाही, त्याने पेचकस उचलू नये.

तीन आठवड्यांनी घड्याळ मिळाले. बॅलन्स आणि एक चाक दुसऱ्या घड्याळातले. झाकणाच्या आत घड्याळजींची चौथी खूण. ते आईच्या हातात देताना मी सारे सांगितले. उघडलेले, मोडलेले, खोटे बोललेले. ती ऐकून घेत होती. मग उठून तिने रोझरीची डबी आणली आणि तिच्यातून कागदाची एक बारीक पुडी काढली. आत एक स्क्रू होता, तिळाहूनही लहान.

“जत्रेहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी केर काढताना सापडला. तुझाच असणार म्हणून ठेवला.”

म्हणजे महिनाभर तिला ठाऊक होते. रोज ती रिकामे मनगट पाहत होती आणि मला विचारत नव्हती. ती मला विचारू शकत होती. तो अधिकार तर तिचाच होता. तिने तो वापरला नाही. माझ्या मनातला ताण माझा मला उतरवू दिला.

घड्याळ आता दिवसाला एखाद्या मिनिटाहून अधिक चुकत नाही. आईच्या हाताची सवय मात्र गेलेली नाही. सकाळी मिस्साला निघताना ती अजूनही मनातल्या मनात आठ मिनिटे मिळवते आणि आठ मिनिटे आधीच चर्चमध्ये जाऊन बसते. ती सवय दुरुस्त करायला मी गेलेलो नाही.